वायरशार्क ४.४ आणि ४.६ : प्रत्येक ठिकाणाची वेगळी प्रोफाइल, आणि कामाला येणाऱ्या बाकीच्या सोयी

अमळनेरच्या जिनिंगमधून फोन येतो, "भाऊ, नेट बंद शे." रावेरच्या केळी व्यापाऱ्याचे ई-वे बिल निघत नाही, धुळ्याच्या क्लासमध्ये मुलांची ऑनलाइन चाचणी अडकते, जळगाव एमआयडीसीतल्या चटई कारखान्यात कॅमेऱ्याचे चित्र थांबून थांबून येते. तक्रार सगळ्यांची एकच, नेटची. कारणे मात्र चार ठिकाणी चार. अशी आठ-दहा ठिकाणे सांभाळणाऱ्या माणसाच्या लॅपटॉपवर वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाचे एकेक पाकीट (पॅकेट) दाखवणारे सॉफ्टवेअर, असतोच. पण बहुतेक जण तो उघडतात, पळणाऱ्या रंगीत ओळी बघतात आणि राउटर बंद-चालू करून मोकळे होतात.

जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये इथेरियल या नावाने सुरू केलेले आणि २००६ पासून वायरशार्क म्हणून ओळखले जाणारे हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची ४.४ ही आवृत्ती आली, ऑक्टोबर २०२५ मध्ये ४.६. बदलांची यादी लांबलचक आहे आणि तिच्यातले बरेच काही आपल्या उपयोगाचे नाही. छोटी नेटवर्क सांभाळणाऱ्याला जे खरोखर लागते तेवढेच इथे घेतो, कामाच्या क्रमाने.

फिल्टर, म्हणजे हवी तेवढीच पाकिटे दाखवणारी अट, इंग्रजी छोट्या अक्षरांतच टाइप करावे लागतात. पण माउसच्या उजव्या बटणाने बहुतेक काम होते, म्हणून जिथे जमेल तिथे तीच वाट सांगितली आहे.

अपडेट करण्याआधी

आधी जुन्या प्रोफाइल्स, म्हणजे साठवलेल्या सेटिंगचे संच, बाहेर काढून ठेवा. एडिट मेनूत कॉन्फिगरेशन प्रोफाइल्स उघडा आणि एक्स्पोर्ट करा, सगळ्यांची मिळून एक झिप फाइल तयार होते. ती पेन ड्राइव्हवर टाका. अपडेटमध्ये प्रोफाइल सहसा जात नाहीत, पण लॅपटॉप कधी दगा देईल हे सांगता येत नाही.

मग हेल्प मेनूतून आवृत्ती बघा. विंडोजवर ४.२.० किंवा ४.२.१ असेल तर आतला अपडेटर वापरून पुढे जाता येत नाही. वायरशार्कच्या अधिकृत संकेतस्थळावरून नवा इन्स्टॉलर हाताने उतरवावा लागतो. इतर कुठल्याही साइटवरून उतरवू नका, कारण नेटवर्कचा सगळा डेटा वाचणारे सॉफ्टवेअर भलत्याच हातून घेणे म्हणजे चोराला किल्ली देणे. जुन्या ३२-बिट विंडोजच्या मशीनवर नवी आवृत्ती चालणारच नाही, तिथे ३.६ वरच गाडी थांबते. गावोगावच्या ऑफिसांत असे डबे अजून आहेत. त्यांच्यावर जीव आटवण्यापेक्षा स्वतःचा लॅपटॉप न्यावा.

इन्स्टॉल करताना एनपीकॅप हा पाकिटे पकडणारा ड्रायव्हरही बसतो. मशीन चार जण वापरत असतील तर 'फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला परवानगी' या अर्थाचा चौकोन टिक करा. बाकी सगळे जसे आहे तसे राहू द्या.

कॅप्चर कुठून करायचे

कॅप्चर म्हणजे येणारी-जाणारी पाकिटे पकडून ठेवणे. ते कुठून करायचे हे नव्या आवृत्तीचे काम नाही, पण इथे चुकले तर नव्या सोयींचा काही उपयोग नाही. स्विचच्या कुठल्याही पोर्टला लॅपटॉप लावला की सगळ्या ऑफिसचा ट्रॅफिक दिसेल, हा समज फार पसरलेला आहे. स्विच तुम्हाला तुमच्याच नावाची पाकिटे आणि सगळ्यांसाठी असलेला ब्रॉडकास्ट तेवढा देतो. विंडोजवर वायफायनेही साधारण तेवढेच दिसते.

मार्ग दोन. स्विच मॅनेज्ड किंवा 'स्मार्ट' प्रकारचा असेल तर त्यात पोर्ट मिररिंग असते. राउटरला जाणाऱ्या पोर्टची नक्कल तुमच्या पोर्टवर सोडा. दुसरा मार्ग मायक्रोटिक राउटर असलेल्यांसाठी आहे, आणि आपल्या भागातल्या बऱ्याच ऑफिसांत तो असतो. विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकच्या सेटिंगचे सॉफ्टवेअर) टूल्स, मग पॅकेट स्निफर. तिथे स्ट्रीमिंग चालू करून आपल्या लॅपटॉपचा आयपी द्यायचा. राउटर प्रत्येक पाकीट टीझेडएसपी नावाच्या लिफाफ्यात घालून यूडीपी पोर्ट ३७००८ वर पाठवतो आणि वायरशार्क तो लिफाफा आपोआप उघडतो. स्निफरमध्ये एकच इंटरफेस निवडा, नाहीतर छोट्या राउटरच्या प्रोसेसरवर ताण येतो आणि तपासणीच नव्या तक्रारीचे कारण होते.

या मार्गात एक अडचण आहे. प्रत्येक पाकिटात आयपीचे दोन थर असतात, बाहेरचा लिफाफ्याचा आणि आतला खरा. तुमच्या लॅपटॉपचा पत्ता फिल्टरमध्ये टाकलात तर सगळीच पाकिटे जुळतात, कारण लिफाफा तुमच्याच नावाचा. आवृत्ती ४.० पासून फील्डच्या नावापुढे हॅशचे चिन्ह आणि थराचा क्रमांक लिहिता येतो. हॅशपुढे २ हा आकडा लिहिला की फक्त आतला आयपी तपासला जातो. सोय जुनी झाली, तरी अनेकांच्या ती अजून वापरात नाही.

एका ठिकाणाची एक प्रोफाइल

आता खरा मुद्दा. प्रोफाइल म्हणजे रंग, कॉलम, फिल्टरची बटणे आणि बाकीच्या सेटिंग्ज यांचा एक पूर्ण संच. पूर्वी तो हाताने बदलावा लागे, म्हणून कोणी बदलत नसे आणि सगळे आयुष्यभर 'डिफॉल्ट'वरच राहत. ४.४ मध्ये प्रोफाइलला एक फिल्टर जोडता येतो. कॅप्चरची फाइल उघडली की वायरशार्क सुरुवातीची काही पाकिटे तपासतो आणि ज्या प्रोफाइलचा फिल्टर आधी जुळेल तिच्यावर आपणहून जातो.

बहुतेक ठिकाणी ही सोय प्रोटोकॉलनुसार वापरायला सांगतात: डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सेवा) एक प्रोफाइल, व्हॉइसची एक, वायफायची एक. एकाच मोठ्या कंपनीत बसणाऱ्याला ते ठीक. आपल्या कामाला ते जुळत नाही, कारण डीएनएस प्रत्येक ऑफिसच्या प्रत्येक फाइलमध्ये असतेच आणि मग दरवेळी तीच प्रोफाइल उघडणार. आपण प्रोफाइल ठिकाणानुसार करायची. ओळखीची खूण म्हणून त्या ठिकाणच्या राउटरचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा स्वतःचा क्रमांक) घ्यायचा, कारण तो दुसऱ्या ठिकाणी सापडणार नाही.

करायचे असे:

१. त्या ऑफिसमध्ये अर्धा मिनिट कॅप्चर करा आणि इंटरनेटकडे जाणारे कुठलेही एक पाकीट निवडा.

२. खालच्या तपशिलात इथरनेट विभाग उघडा. डेस्टिनेशनच्या ओळीवर उजवे बटण, मग कॉपी, मग अ‍ॅज फिल्टर. राउटरचा मॅक पत्ता तयार फिल्टरच्या रूपात क्लिपबोर्डवर येतो.

३. एडिट, कॉन्फिगरेशन प्रोफाइल्स. डिफॉल्टची नक्कल करा आणि तिला ठिकाणाचे नाव द्या: 'रावेर केळी', 'अमळनेर जिनिंग', काहीही.

४. त्याच ओळीतल्या ऑटो स्विच फिल्टरच्या रकान्यात कॉपी केलेला फिल्टर पेस्ट करा.

५. खिडकीतच ऑटो स्विच पॅकेट लिमिट नावाची संख्या आहे, म्हणजे किती पाकिटे तपासायची. ती शून्य असेल तर सोय बंद राहते. हजारभर ठेवली तर पुरते.

तपासणी फाइल उघडताना होते. एखादी फाइल उघडी असताना तुम्ही हाताने प्रोफाइल बदललीत तर दुसरी फाइल उघडेपर्यंत वायरशार्क मध्ये पडत नाही, हे बरेच आहे. राउटर बदलला की फिल्टरही बदला. वीज कडाडून राउटर जळणे आपल्याकडे पावसाळ्यात नवे नाही.

आता त्या प्रोफाइलमध्ये माल भरा. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये होस्ट्स नावाची साधी मजकूर फाइल ठेवता येते. प्रत्येक ओळीत आयपी आणि त्यापुढे नाव: टॅली सर्व्हर, कॅमेऱ्याचा एनव्हीआर (रेकॉर्डर), शेठजींचा संगणक, वजनकाट्याचा पीसी. प्रेफरन्सेसमधल्या नेम रिझोल्यूशनमध्ये नेटवर्क पत्त्यांची नावे चालू करा, आणि फक्त प्रोफाइलची होस्ट्स फाइल वापरण्याचा पर्यायही निवडा, नाहीतर प्रत्येक आयपीसाठी वायरशार्क स्वतःच डीएनएसला विचारत बसेल. मग रावेरची फाइल उघडली की आकड्यांच्या जागी 'वजनकाटा' आणि 'टॅली' दिसतात. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणी गेलात तरी कुठला पत्ता कुणाचा हे आठवावे लागत नाही.

फिल्टर पट्टीच्या टोकाच्या अधिक चिन्हाने नेहमीच्या फिल्टरची बटणेही करून ठेवा, ती प्रोफाइलमध्येच साठवली जातात. एक बटण डीएचसीपीचे, म्हणजे मशीनना आयपी पत्ते वाटणाऱ्या व्यवस्थेचे, हवेच. 'कधी नेट चालते, कधी नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा दुसरा राउटर असतो. कोणीतरी वायफायची रेंज वाढवायला घरचा जुना राउटर आणून लॅनच्या पोर्टने जोडलेला असतो आणि तोही सगळ्यांना पत्ते वाटत सुटतो. हे पकडायला मिररिंग लागत नाही. कॅप्चर चालू करा, कमांड प्रॉम्प्टमधून आयपीकॉन्फिगने स्वतःचा पत्ता सोडा आणि नवा मागवा. डीएचसीपीचे बटण दाबा. 'ऑफर' दोन वेगवेगळ्या सर्व्हरकडून आल्या तर चोर सापडला. त्याचा मॅक पत्ता समोरच असतो आणि मॅकच्या सुरुवातीवरून वायरशार्क बनवणाऱ्या कंपनीचे नावही दाखवतो.

दुसरे बटण एआरपीचे, म्हणजे 'हा आयपी कुठल्या मॅकचा' असे सगळ्यांना विचारणाऱ्या पाकिटांचे. ऑफिसात काही चालू नसताना एआरपीची पाकिटे धबधब्यासारखी येत असतील तर केबलचे दोन्ही टोक एकाच स्विचमध्ये, किंवा दोन स्विच दोन केबलने जोडलेले, ही शक्यता आधी तपासा.

कॉलम : वेळ डोळ्यांसमोर

डीएनएसच्या उत्तराचे पाकीट उघडा. तपशिलात चौकटी कंसात टाइम अशी ओळ असते, म्हणजे प्रश्न विचारल्यापासून उत्तर यायला लागलेला वेळ. त्यावर उजवे बटण, अप्लाय अ‍ॅज कॉलम. तसेच टीएलएसच्या (एन्क्रिप्टेड जोडणीच्या) पहिल्या पाकिटात, क्लायंट हेलोमध्ये, सर्व्हर नेम असते, तेही कॉलम करा. मजकूर एन्क्रिप्टेड असला तरी कोण कुठल्या साइटकडे निघाला हे बहुतेक वेळा यातून दिसते. ई-वे बिलाची तक्रार असेल तर पोर्टल खरेच हळू आहे की आपलेच डीएनएस, हे या दोन कॉलमांत पाच मिनिटांत कळते.

४.४ पासून कॉलममध्ये नुसते फील्ड नव्हे, गणितही चालते. फ्रेमची लांबी गुणिले ८ लिहिले की बाइटऐवजी बिटमध्ये आकडा येतो. मला स्वतःला याचा उपयोग क्वचितच पडतो. पण ज्यांना गिऱ्हाइकाला 'एमबीपीएस' दाखवायचे असते त्यांना पडेल.

ठिपके आणि रेषा

स्टॅटिस्टिक्स मेनूत आय/ओ ग्राफ्स जुनेच आहे, ४.४ मध्ये ते बरेच सुधारले. ४.६ मध्ये त्याच मेनूत प्लॉट्स हे नवे आले. दोन्हींत फरक मोठा आहे. आय/ओ ग्राफ वेळेचे समान तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याची बेरीज किंवा सरासरी काढून रेषा ओढतो. प्लॉट्स प्रत्येक पाकिटाचा वेगळा ठिपका ठेवतो. ट्रकमधल्या केळीचे सरासरी वजन बरोबर आले म्हणून तळातला दबलेला घड दिसत नाही, तसे सरासरीच्या रेषेत अडकलेले एखादे पाकीट दिसत नाही.

प्लॉट्स उघडा आणि एक ओळ तयार करा. डिस्प्ले फिल्टरमध्ये डीएनएस. वाय फील्डमध्ये डीएनएसच्या वेळेचे फील्ड हवे. त्याचे नाव पाठ करायची गरज नाही: तपशिलात त्या ओळीवर क्लिक केले की अगदी खालच्या पट्टीत नाव दिसते, आणि उजव्या बटणाच्या कॉपी मेनूतून फील्ड नेमही घेता येते. निरोगी नेटवर्कमध्ये ठिपक्यांचा दाट पट्टा तळाशी असतो. तळाचा पट्टा तसाच आणि वर तुरळक ठिपके, म्हणजे काही नावांना बाहेर जाऊन विचारावे लागले, हे चालते. पण सगळा पट्टाच वर सरकला किंवा मध्येच कोरी जागा पडली, तर डीएनएस सर्व्हर किंवा त्याच्याकडची वाट आजारी आहे. राउटरमध्ये दुसरा डीएनएस देऊन पुन्हा ठिपके बघा.

दिवसाच्या वेळेनुसार येणाऱ्या दुखण्यासाठी मात्र आय/ओ ग्राफच बरा. त्यात टीसीपी एरर्स ही रेषा तयारच असते (टीसीपी म्हणजे पाकिटे पोहोचल्याची खात्री करणारी पद्धत). इंटरव्हल एक मिनिट करा आणि टाइम ऑफ डे चालू करा, म्हणजे खाली घड्याळाची वेळ येते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हा ग्राफ जरूर बघावा. साध्या डेस्कटॉप स्विचच्या डब्यावर चालण्याचे तापमान बहुधा ० ते ४० अंश असे छापलेले असते. भुसावळ-जळगावला बाहेरच पारा ४५ च्या वर जातो, आणि जिनिंगच्या पत्र्याखाली बंद पेटीत ठेवलेल्या स्विचचे काय होत असेल ते सांगायला नको. टीसीपी एररची रेषा दुपारी बारापासून चढते आणि संध्याकाळी उतरते, तर पुरवठादाराशी भांडण्याआधी पेटी उघडून बघा.

दुपारी गर्दीही असते, मग उष्णता की गर्दी हे कसे ठरवायचे? आतल्या आतला ट्रॅफिक वेगळा काढा. वजनकाट्याचा पीसी आणि टॅली सर्व्हर यांच्यातल्या संवादाशी इंटरनेटचा काही संबंध नाही. त्यांच्यातही रिट्रान्समिशन (तेच पाकीट पुन्हा पाठवणे) होत असेल तर दोष भिंतींच्या आत आहे. त्यासाठी मिररिंगमध्ये टॅली सर्व्हरचे पोर्ट घ्यावे लागेल, राउटरचे नव्हे. ४.४ मध्ये पत्ता खासगी आहे का हे तपासणारे आयपी-अंडरस्कोर-आरएफसी१९१८ हे फंक्शन आले आहे. स्रोत आणि डेस्टिनेशन दोन्हींना ते लावले की फक्त आतली पाकिटे उरतात.

लाल-काळ्या ओळी वाचताना एवढे ध्यानात ठेवा. रिट्रान्समिशन म्हणजे पाकीट वाटेत हरवले: केबल, वायफाय, तापलेला स्विच, भरलेली लाइन. झिरो विंडो म्हणजे वाट ठीक आहे, घेणारा संगणकच दमला आहे. तिथे केबल बदलून काही होणार नाही, त्या मशीनची रॅम आणि हार्डडिस्क बघा. आणि 'प्रीव्हियस सेगमेंट नॉट कॅप्चर्ड' भरपूर दिसले, पण त्यांच्या मागे रिट्रान्समिशन नाही, तर नेटवर्क बरे आहे आणि तुमचे कॅप्चर गळते आहे. मिरर पोर्टवर दोन्ही दिशांचा माल एकाच वाटेने येतो, तो मावत नाही.

रात्रभराचे कॅप्चर

'कधी तरी' येणारा दोष पकडायला कॅप्चर तासन्‌तास चालू ठेवावे लागते. वायरशार्कची खिडकी तशीच चालू ठेवली तर मेमरी भरत जाते आणि पहाटे प्रोग्राम बंद पडलेला सापडतो. कॅप्चर, ऑप्शन्स, आउटपुट. तिथे १०० एमबी झाली की नवी फाइल, आणि रिंग बफरमध्ये २० फाइली असे ठेवा. डिस्कवर सुमारे २ जीबीपेक्षा जास्त जागा जात नाही आणि जुनी फाइल आपोआप पुसली जाते. त्याहून बरे म्हणजे सोबत येणारा डम्पकॅप वापरणे, तो नुसते लिहितो, वाचत बसत नाही.

४.६ मध्ये कॅप्चर चालू असतानाच फाइल दाबून लिहिता येते. पूर्वी फाइल बदलताना तेवढे जमायचे. पण एन्क्रिप्टेड ट्रॅफिक फारसा दबत नाही, आणि आजचा बहुतेक ट्रॅफिक तसाच असतो. कॅमेऱ्याचे चित्रही आधीच दाबलेले असते. तेव्हा यातून जागा फार वाचेल अशी आशा नको. जागा वाचवायची तर प्रत्येक पाकिटाचे पहिले १२८ बाइटच घ्या. टीसीपीच्या दुखण्याला तेवढे पुरते, डीएनएसचे उत्तर आणि सर्व्हर नेम मात्र यात कापले जाऊ शकते. कॅमेऱ्याचा ट्रॅफिक नकोच असेल तर कॅप्चर फिल्टर लावा. त्याची भाषा डिस्प्ले फिल्टरपेक्षा वेगळी आहे, आणि इथे ४.४ चांगले मदतीला येते: पट्टीत डिस्प्ले फिल्टर लिहा, मग एडिट, कॉपी, डिस्प्ले फिल्टर अ‍ॅज पीकॅप फिल्टर. सगळे फिल्टर रूपांतरित होत नाहीत, पत्ते आणि पोर्टचे साधे फिल्टर होतात.

जुन्या फिल्टरची पट्टी लाल झाली तर

फार जुन्या आवृत्तीवरून येणाऱ्यांना दोन धक्के बसतात. ४.० पासून महिरपी कंसातल्या यादीत पोर्टच्या मध्ये स्वल्पविराम हवाच, नुसती मोकळी जागा चालत नाही. आणि ३.६ पासून 'बरोबर नाही' (!=) या चिन्हाचा अर्थ सरळ झाला: 'हा पत्ता नसलेली पाकिटे' म्हटले की खरोखर तो पत्ता कुठेही नसलेलीच येतात. जुन्या वहीत उलटे-सुलटे नकार लिहून ठेवले असतील तर ते पुन्हा तपासा.

४.६ मध्ये गडद आणि उजळ रंगसंगती विंडोजपासून स्वतंत्र निवडता येते. मॅकवर टीसीपीडम्पने घेतलेल्या फाइलमध्ये कुठल्या प्रोग्रामने पाकीट पाठवले तेही दिसते, पण आपल्या गिऱ्हाइकांकडे मॅक किती? एनटीएस (घड्याळ जुळवण्याची सुरक्षित पद्धत) उलगडण्याची सोय आहे, तिची इथे गरज पडणार नाही.

फाइल दुसऱ्याला देताना

कॅप्चर मालकाच्या लेखी परवानगीनेच करा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातून किंवा नेटवर्कमधून डेटा काढणे येते, आणि अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ लागते. क्लास, दवाखाना, पतसंस्था अशा ठिकाणी लोकांचा खासगी मजकूर त्यात असतो, तिथे तोंडी होकारावर जाऊ नका.

पुरवठादाराला पुरावा द्यायचा असेल तर सगळी फाइल देऊ नका. फिल्टर लावून दोषाची पाकिटे समोर आणा, फाइल मेनूत एक्स्पोर्ट स्पेसिफाइड पॅकेट्स, आणि फक्त दिसणारी पाकिटे साठवा. सोबत आय/ओ ग्राफचे चित्र, वेळ, आणि 'आतल्या ट्रॅफिकमध्ये या काळात रिट्रान्समिशन नाही' ही एक ओळ लिहा. एवढे हातात असले की 'राउटर बंद-चालू करून बघा' हे उत्तर द्यायला समोरच्याला जड जाते. प्रोफाइलची झिप मात्र कुणाला देताना आधी होस्ट्स फाइल काढून टाका, त्यात गिऱ्हाइकाच्या ऑफिसचा सगळा नकाशा असतो.